दोन कॅन पाणी

१

बादली वर आली आणि मी आधी नाक धरलं, मग तोंड. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या या नोकरीत माझं अर्धं आयुष्य गेलं, पण घाणीची सवय झाली असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला सवय झाली त्यानं घरी बसावं. पाणी राखाडी होतं, वर तेलकट तवंग, आणि तवंगाखाली जे फिरत होतं त्याचं नाव शहाणी माणसं चारचौघांत घेत नाहीत. मला घ्यावं लागतं, मला त्याचाच पगार मिळतो. तो माणसाचा मैला होता, पिण्याच्या विहिरीत.

"हेच पाणी माझी पोर प्यायली," शिंपी म्हणाला. बादली त्यानंच ओढली होती. "आधी नुसतं गढूळ यायचं. आम्ही गाळून प्यायचो."

पोर तीन दिवसांपूर्वी गेली होती. वस्तीतलं घर न् घर हगवणीनं आडवं झालं होतं, पण गेली ती एकटी शिंप्याची थोरली पोर. त्याच्या गळ्यात अजून मापाची टेप तशीच लटकत होती. ती काढायचं भान त्याला राहिलं नव्हतं आणि बाकीच्यांना सांगायचा धीर नव्हता.

आमचं शहर भराभर वाढलं. घरं आधी आली, नळ मागून आले, आणि गटारं यायची आहेत असं मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते आहे. म्हणून वस्तीच्या वर, टेकडीवर, प्रत्येक घराखाली मैल्याची टाकी, आणि त्या टाक्या उपसायला टँकर. टँकरवाल्याला सगळे पिंप म्हणत. अंगानं तो तसाच होता. पोर गेली त्याच्या आदल्या दिवशी त्याचा टँकर विहिरीपाशी उभा होता, पाईप खाली सोडलेला, हे अर्ध्या वस्तीनं पाहिलं होतं. लोकांनी त्याला बेदम चोपला, टँकरच्या काचा फोडल्या, आणि मग फौजदारांनी त्याला चौकीत नेऊन कोंडला.

"मॅडम, प्रकरण सरळ आहे," फौजदार रुमालातून म्हणाले. "तुम्ही फक्त लिहून द्या की ही टँकरचीच घाण आहे. माणूस मारल्याचा गुन्हा लावतो. जन्म आत जाईल."

"आणि नसली तर?"

"तर तुम्हीच सांगा लोकांना. तो बाहेर आला तर चौकीच्या पायरीवर जिवंत राहणार नाही."

मी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. विहीर पूर्ण उपसायला लावली, तळापर्यंत, आणि आत जंतुनाशक पूड टाकायला लावली. पिंपाचा जीव आता माझ्या एका कागदावर टांगला होता, आणि मला त्या माणसाची खरं सांगायचं तर शिसारी येत होती.

२

चौकीत पिंप कोपऱ्यात बसला होता. एक डोळा सुजलेला. त्याच्या कपड्यांना त्याच्या धंद्याचा वास होता, आणि फौजदारांनी त्याला आंघोळ करू दिली नव्हती, म्हणजे आम्हाला सगळ्यांना शिक्षा.

"विहिरीपाशी काय करत होतास?"

"पाईप धूत होतो, बाई. काठावर. आत नाही."

"पिण्याच्या विहिरीच्या काठावर मैल्याचा पाईप धुतोस? जनाची नाही तर मनाची तरी?"

त्यानं सुजलेला डोळा बाहीनं पुसला.

"टँकर कुठं रिकामा केला होतास?"

"केला कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

मी खोदून खोदून विचारलं, तो कानावर हात ठेवून बसला. खोटं बोलणाऱ्या माणसाचे कान लाल होतात, याचे पार जांभळे झाले होते. कोणाकोणाच्या टाक्या उपसतोस विचारलं तेव्हा मात्र सुटल्यासारखा बोलायला लागला. "या टेकडीवरच्या सगळ्या मीच उपसतो. वरची मोठी बिल्डिंग सोडून. त्यांना लागत नाही. नवी होती तेव्हा विचारायला गेलो होतो, वॉचमननं गेटवरूनच हाकललं. घाण वास येतो म्हणाला."

त्या वॉचमनची बाजू घ्यावी असं मला त्या क्षणी वाटलं, हे कबूल करते.

चौकीतून वस्तीत आले. दार उघडं दिसेल तिथं डोकावले. प्रत्येक घरात कोणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेलं, उशाशी टमरेल, खोलीत तो आंबट वास. एकाच घरात तसं काही नव्हतं. तिथं सून कपडे वाळत घालत होती, नातवंडं भांडत होती, आणि चुलीपाशी मावशी बसल्या होत्या. मावशी वर बिल्डिंगमध्ये माझ्या सख्ख्या बहिणीकडे स्वयंपाकाला जातात, म्हणून मी त्यांना ओळखते.

"तुमच्याकडे सगळे बरे आहेत?"

"तुमच्या ताईंची कृपा," मावशींनी कोपऱ्यातले दोन कॅन दाखवले. "गाळणीच्या मशिनचं पाणी देतात, रोज दोन कॅन. पाऊस संपल्यापासून. म्हणाल्या, मावशी, आता या वयात विहिरीवर कशाला जाता. देव माणूस आहे."

माझी मान ताठ झाली. लहानपणी ताईनं मला स्वतःच्या ताटातलं कधी काही दिलेलं आठवत नाही. पण माणूस बदलतो, म्हटलं.

बाहेर आले तर शिंपी उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावरून मावशींच्या दाराकडे पाहिलं.

"सगळी वस्ती लोळते आहे," तो हळू म्हणाला, "हिच्याच घराला का काही नाही? हिला काहीतरी माहीत होतं. विचारा तिला. नाहीतर आम्ही विचारतो."

३

दुपारी ताईकडे जेवायला गेले. वस्तीतून चढण चढून आलं की बिल्डिंगचं फाटक लागतं, आणि तिथून पुढं जग बदलतं. जिन्यात सुगंधी फवारे, लिफ्टमध्ये आरसा, ताईच्या दारात पायपुसण्यावर दुसरं पायपुसणं. तिनं मला आधी न्हाणीघरात पाठवलं, मग चपला बाल्कनीत ठेवायला लावल्या, मग पुन्हा हात धुवायला लावले.

"छोटी, तुझी नोकरी म्हणजे," ती म्हणाली, "घरात आलीस की मला पडदे धुवावेसे वाटतात."

"मग धू. मावशींना सांगू नकोस, त्यांना पुरे झालं."

भावोजी हसले. ते बिल्डिंगचे चेअरमन, आणि चेअरमनपण त्यांच्या अंगात जेवतानासुद्धा असतं. टँकरवाल्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. "फाशी द्या असल्यांना. आमच्या गेटला ती घाण कधी लागलीच नाही. बिल्डिंग उभी राहिली, आम्ही राहायला आलो, पण टाकी एकदाही भरली नाही. बांधकाम असं असावं."

"तुमच्याकडे माणसं जेवतात की नुसती हवा खातात?"

"खास जातीचे जंतू सोडलेत आत. सगळं फस्त करतात." त्यांनी भाताचा घास घेतला. "पण जेवताना हा विषय नको."

विषय त्यांनीच वाढवला होता. मी मुकाट्यानं खिडकीतून खाली पाहिलं. बागेतली हिरवळ, जिचं भावोजींना फार कौतुक, वाळून पिवळी पडली होती.

"बागेला काय झालं?"

"पाऊस संपला आणि मोटर बिघडली," ताई म्हणाली.

"विहिरीवरची मोटर आपणच काढून टाकली," भावोजी त्याच वेळी म्हणाले. "वस्तीतल्या गरिबांचं पाणी आपण कशाला ओढायचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईनं मला आग्रहानं भात वाढला. नवरा-बायकोचं एकमत मी त्या घरात कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. माझं डोकं शिंप्याच्या त्या टेपमध्ये अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले. उपसून स्वच्छ केलेल्या विहिरीत रात्रभरात झऱ्यांचं पाणी साठलं होतं. शिंप्यानं बादली सोडली, ओढली, आणि काठावर ठेवून दोन पावलं मागं सरला.

बादलीत तोच तवंग होता. त्याखाली तेच.

आणि पिंप अजून चौकीत कुलपात होता.

४

"तळाची राहिलेली घाण वर आली असेल," फौजदार म्हणाले.

"तळ मी स्वतः वाकून पाहिला आहे. राहिली असती तर शिळी, काळी असती. ही ताजी आहे. आत हात घालून दाखवू का?"

त्यांनी विषय वाढवला नाही. मी नाकाला पदर बांधला आणि विहिरीत डोकावले. सगळ्या भिंतीवर शेवाळ होतं. फक्त टेकडीच्या बाजूला, दोन दगडांच्या मध्ये, एक काळपट ओघळ पाझरत होता, आणि त्याच्या आसपास शेवाळसुद्धा जगलं नव्हतं. घाण वरून कोणी टाकत नव्हतं. ती भिंतीतून येत होती.

त्या बाजूला विहिरीला सगळ्यांत जवळ काय, तर वस्तीचे सार्वजनिक संडास. मी तडक त्यांच्या ठेकेदाराला गाठलं. तो माणूस कायम तोंडात काडी घेऊन बोलतो आणि बोलता बोलता ती इकडून तिकडे फिरवतो. बघूनच जेवण नकोसं व्हावं.

"माझ्या नावानं बिल फाडू नका," तो म्हणाला. "संडासांना उन्हाळ्यापासून कुलूप आहे. दारं मोडली, दुरुस्ती मंजूर होत नाही. लोक ओढ्याकडे जातात, तुम्हाला माहीत आहे."

"खड्डा उघड."

त्यानं कुरकुरत झाकण सरकवलं. मी श्वास रोखून आत पाहिलं आणि मग सोडला. तळाशी भेगाळलेली कोरडी माती होती, एक बेडूकसुद्धा नव्हता.

"आता पटलं?" ठेकेदारानं काडी दुसऱ्या गालात नेली. "वापर असेल तर खड्डा भरणार. वापरच नाही, तर कसा भरेल? सरळ हिशोब आहे."

मी तिथंच उभी राहिले. त्या बेरक्या माणसानं स्वतःच्या बचावासाठी काढलेलं वाक्य माझ्या कानात रुतून बसलं. वापर असेल तर भरणार. कुठलीही टाकी भरणार. मग इतकी बिऱ्हाडं ज्या टाकीवर बसली आहेत, ती कशी भरली नाही?

मी वर पाहिलं. कोरड्या संडासांच्या मागं चढण होती, चढणीवर कुंपण, आणि कुंपणाच्या आत पिवळी पडलेली हिरवळ.

मी आधी चौकीत गेले, कारण एक गाठ अजून सुटायची होती. पिंपाला म्हटलं, "विहिरीत तू काही टाकलं नाहीस, मला कळलं आहे. आता तरी सांग, टँकर कुठं रिकामा केलास?"

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, नाक पुसायला हातसुद्धा स्वच्छ नाही. "ओढ्यात, बाई. खालच्या अंगाला. मैला साफ करायचा कारखाना शहराच्या पार पलीकडे, गेलं तर तिथं फाटक बंद. सगळेच ओढ्यात सोडतात. सांगितलं तर लायसन जाईल."

"ओढ्याचं पाणी खाली कोण पितं, विचारलंस कधी?"

"नाही."

"याचंही मी लिहिणार आहे," मी म्हटलं. "पण आज नाही."

फौजदार दारात उभे होते. "मग कोणाचं लिहिताय आज?"

मला उत्तर माहीत होतं. मी पर्स खांद्याला अडकवली आणि चढणीला लागले.

५

भावोजी बागेत भेटले. मी त्यांना सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला.

"तुमच्या टाकीचं झाकण कुठं आहे?"

"झाकण?" त्यांनी पायाखाली पाहिलं. आम्ही गुळगुळीत फरशीवर उभे होतो. मध्ये कुंड्या, एक बाक. "वर फरशी बसवून घेतली. दिसायला बरं नाही ना ते."

"म्हणजे ती उघडायची वेळच येणार नाही, हे तुम्हाला फरशी बसवतानाच ठाऊक होतं."

"छोटी, काय चाललंय तुझं?"

मी उत्तर दिलं नाही. वर गेले, ताईच्या न्हाणीघरात शिरले, आणि पर्समधली हिरवी पूड संडासात ओतून फ्लश ओढला. फुटलेले पाईप शोधायला आमच्याकडे ती असते, चिमूटभर पुरते. मी आख्खी पुडी ओतली. पुन्हा ओढला, पुन्हा ओढला. ताई दारावर थापा मारत होती.

मग सगळे खाली विहिरीवर जमलो. मी, फौजदार, भावोजी, आणि वस्तीतली जी माणसं उभी राहू शकत होती ती. मावशीही कडेला होत्या. भावोजींनी सुगंधी रुमाल नाकाशी धरला होता आणि मी नातेवाईक असून असं वागते याबद्दल ते फौजदारांना काहीबाही सांगत होते. वाट पाहावी लागली. मला मनातून एकच वाटत होतं, की बादली साधी घाणेरडी यावी.

शिंप्यानं बादली ओढली. पाणी हिरवंगार होतं.

माणसं एकेक करून काठाशी आली, बादलीत वाकून पाहून मागं सरली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बोलायला लागले, कारण कोणीतरी बोलणं भाग होतं. टाकी भरत नव्हती कारण ती टाकी नव्हतीच. बुडाशी पाईप काढून सगळा मैला जमिनीखालून ओढ्याकडे सोडला होता. जंतूबिंतू सगळी थाप. तो पाईप विहिरीला खेटून जातो आणि तिथंच फुटला आहे. पिंप कोंडलेला असताना विहीर पुन्हा नासली, संडासांचा खड्डा कोरडा ठणठणीत, आणि ओघळ येतो तो बिल्डिंगच्या बाजूनं.

"आम्हाला काय स्वप्न पडलं होतं पाईप फुटल्याचं?" भावोजी म्हणाले. "अपघात आहे तो."

"पाईप फुटणं अपघात," मी म्हटलं. "मोटर काढणं नाही. बागेत पाणी घातलं आणि हिरवळीला मैल्याचा वास मारायला लागला, तेव्हा तुम्हाला कळलं. म्हणून मोटर काढली. पाऊस संपला तेव्हाच. ताई म्हणते बिघडली, तुम्ही म्हणता गरिबांसाठी. खरं कारण सांगायचं नव्हतं, म्हणून दोघांना वेगवेगळी सुचली."

भावोजींनी रुमाल खाली घेतला. "तो टँकर गेटला लागला असता," ते म्हणाले, जणू आता मला समजेलच. "सगळ्या बिल्डिंगसमोर, दिवसाउजेडी, तो पाईप, तो वास. लोकांनी एवढ्या हौसेनं घरं घेतली. कोणाला बघवतं ते? पाईप सगळ्यांना विचारून टाकला."

शिंप्यानं बादली काठावर ठेवली. त्यानं भावोजींकडे नीट पाहिलं, माप घेताना पाहतात तसं.

"माझी पोर तुमचे कपडे घेऊन वर यायची," तो म्हणाला. "तिला सांगायचं होतंत. एवढंच, की बाळ, विहिरीचं पिऊ नकोस."

फौजदारांनी भावोजींच्या दंडाला धरलं आणि हवालदाराला सांगितलं, टँकरवाल्याला सोड, आणि घरापर्यंत पोचवून ये.

६

ताई स्वयंपाकघरात होती. ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. डोळे लाल झाले होते.

"तू त्यांना वाचवू शकली असतीस," ती म्हणाली. "एक ओळ लिहायची होती. त्या टँकरवाल्याचं काय अडणार होतं? तो तसाही घाणीतच असतो."

मी सिंकशी गेले, नळ सोडला, आणि पाणी न पिता बंद केला.

"तुलाही माहीत होतं," मी म्हटलं. "मावशींना कॅन तू पाऊस संपल्यापासून देतेस. मोटर काढली तेव्हापासून."

"मग? वाईट केलं का?" ती उसळली. "निदान एका घराला तरी वाचवलं. तुला तेही दिसत नाही."

"दिसतं ना. तेवढंच विचारायला आले आहे. कालपासून मला तुझा अभिमान वाटत होता, म्हणून खरं सांग. सगळ्या वस्तीतून मावशीच का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न इतका सोपा आहे की मी तो का विचारते हेच तिला कळेना.

"अगं, मावशींचा हात आपल्या जेवणाला लागतो ना," ती म्हणाली. "शी, तेच पाणी पिऊन इथं आल्या असत्या तर?"

मागं काहीतरी वाजलं. मावशी दारात उभ्या होत्या. कामाची वेळ झाली होती आणि त्या सवयीनं आल्या होत्या. दोन्ही कॅन भरून कोपऱ्यात ठेवलेले होते, रोजच्यासारखे. ताईचा चेहरा उतरला. मावशींचा काही बदलला नाही. त्यांनी पदर खोचला, एक कॅन उचलला, मग दुसरा.

मी म्हटलं, "मावशी, राहू द्या ते. मी वस्तीसाठी पाण्याचा टँकर मागवला आहे."

"तो येईल तेव्हा येईल," मावशी म्हणाल्या. "या पाण्यानं काय वाकडं केलंय कोणाचं? शिंप्याची धाकटी कालपासून ओकते आहे. तिला लागेल."

त्या लिफ्टनं गेल्या नाहीत. कॅन एकेका पायरीवर टेकवत जिन्यानं उतरल्या, आणि तो आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला. मी बाल्कनीतून चपला आणल्या आणि मुद्दाम त्या दोन पायपुसण्यांवर उभी राहून घातल्या.

ताईनं फडकं पिळलं, वाळत टाकलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उद्या येतील ना गं मावशी?"